अमेरिकन नभोवाणीच्या सुवर्णयुगांतील प्रमुख घटना : साधनें व त्यांची पारख

१. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक ध्वनिक्षेपणास १९२० च्या सुमारास आरंभ झाला व १९५० नंतर दूरचित्रवाणीनें त्याचें स्थान घेतलें. ता. ३० सप्टेंबर १९६२ रोजीं कोलंबिया कंपनीच्या 'सस्पेन्स' व 'युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर' या दोन मालिकांचे शेवटचे प्रयोग झाले; तो दिवस या युगाचा अंत म्हणून धरण्याचा प्रघात आहे. मधल्या चाळीस वर्षांस त्या देशांत नभोवाणीचें सुवर्णयुग म्हणतात. या युगांतील घटनांच्या याद्या पुष्कळ प्रसिद्ध झाल्या आहेत. पहिलें क्षेपण अमुक दिवशीं, पहिली जाहिरात अमुक दिवशीं, अध्यक्षांचें पहिलें भाषण अमुक दिवशीं, अशी त्यांची धाटणी असते. एका यादींतील तारखा दुसरींत उतरतात व केवळ पुनरुक्तीनें दृढ होतात. या तारखांस आधार काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

जुने कागद, पोथ्या व शिक्के यांचा व्यासंग करणार्‍या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. विषय परका असला तरी प्रश्न ओळखीचा आहे. काळ अलीकडचा, राष्ट्र साक्षर व यंत्रसंपन्न, वर्तमानपत्रांचा सुकाळ, आणि तरीहि तेथें अस्सल पत्र व बखर यांतील भेद करावाच लागतो. प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें : या युगांतील ज्या घटना सर्वांत प्रसिद्ध, त्यांपैकीं कित्येकांचा आधार सर्वांत दुबळा आहे, आणि ज्यांचा मूळ ध्वनि आज ऐकावयास मिळतो, तो बहुधा कोणीं मुद्दाम जतन केला म्हणून नव्हे, तर एखादा नियम मोडला गेला म्हणून, किंवा भलत्याच कामासाठीं घेतलेली मुद्रिका फेकून द्यावयाची राहिली म्हणून उरला आहे.

२. प्रथम साधनांचे वर्ग पाडूं. नभोवाणीच्या इतिहासाचीं साधनें चार प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार, क्षेपण चालू असतां घेतलेला मूळ ध्वनि. दुसरा, समकालीन लेख : परवाने, पत्रव्यवहार, वर्तमानपत्रें व नटांच्या हातांतील संहिता. तिसरा, पुष्कळ वर्षांनीं सांगितलेल्या आठवणी. चौथा प्रकार विशेष सावधगिरीचा : घटना होऊन गेल्यावर ती पुन्हां बोलवून घेतलेली मुद्रिका. तिसर्‍या प्रकारास आपण बखर म्हणूं. चौथ्यास एकदम बनावट म्हणतां येत नाहीं, कारण करणाराचा हेतु फसविण्याचा असतोच असें नाहीं. परंतु मूळ नष्ट झालें म्हणजे नक्कलच अस्सल म्हणून मिरवूं लागते, आणि मग परिणाम बनावटीचाच होतो.

३. आतां या कसोटीवर एकेक प्रसिद्ध घटना घांसून पाहूं. पहिली घटना ता. २४ डिसेंबर १९०६ ची. त्या रात्रीं मॅसॅच्युसेट्समधील ब्रँट रॉक येथून रेजिनाल्ड फेसेन्डेन यांनीं नाताळचें गायन, फिडलवादन व धर्मग्रंथांतील वचनें समुद्रावरील जहाजांस ऐकविलीं, असें सर्वत्र लिहिलेलें आढळतें. याचा आधार शोधूं गेल्यास एकच कागद हातीं लागतो. तो म्हणजे स्वतः फेसेन्डेन यांनीं ता. २९ जानेवारी १९३२ रोजीं लिहिलेलें पत्र. घटनेस त्या वेळीं पंचवीस वर्षें लोटलीं होतीं, व त्याच वर्षाच्या जुलैंत ते वारले. त्यांच्या पत्नीनें लिहिलेलें चरित्र १९४० सालीं निघालें आणि हकीकत रूढ झाली. एवढें मोठें नवल ज्यांनीं ऐकलें त्या जहाजांवरील तारवाल्यांची समकालीन नोंद अलीकडच्या संशोधकांनीं कसून शोध करूनहि सांपडली नाहीं.

याउलट त्याच ठिकाणीं ता. २१ डिसेंबर १९०६ रोजीं फेसेन्डेन यांनीं निमंत्रित तज्ज्ञांसमोर बिनतारी भाषणाचा प्रयोग केला, त्याचा वृत्तांत पुढच्याच महिन्यांत दूरध्वनीच्या धंद्यास वाहिलेल्या एका नियतकालिकांत छापून आला. म्हणजे तीन दिवस आधींच्या प्रयोगास अस्सल आधार आहे. कीर्ति मात्र बखरीतल्या दिवसास मिळाली. फेसेन्डेन यांची योग्यता याने तिळभरहि कमी होत नाहीं. मानवी वाणी बिनतारी मार्गानें पाठविण्याचें श्रेय त्यांचेंच आहे. प्रश्न तारखेचा आहे, आणि तारीख श्रद्धेनें ठरत नाहीं.

४. दुसरें उदाहरण डेव्हिड सार्नॉफ यांचें. हे पुढें रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या बलाढ्य कंपनीचे अध्यक्ष झाले. अमेरिकन मार्कोनी कंपनींत नोकरीस असतां १९१५ सालींच त्यांनीं 'रेडिओ म्युझिक बॉक्स'ची, म्हणजे घरोघरीं गाणें ऐकविणार्‍या पेटीची, कल्पना वरिष्ठांस लिहून कळविली व ती दुर्लक्षिली गेली, अशी कथा आहे. १९१५ सालचा तो कागद दाखवितां आलेला नाहीं. संशोधनान्तीं आढळलें तें असें कीं, १९१६ च्या नोव्हेंबरांतील पत्रव्यवहारांत या कल्पनेचा उल्लेख खरोखरच आहे. व त्यांचे वरिष्ठ एडवर्ड नॅली यांनीं उत्तरहि दिलें होतें. परंतु ज्या विस्तृत मजकुराचा उतारा पुस्तकोपुस्तकीं देतात, तो १९२० सालच्या टिपणांतला आहे. कथा सर्वस्वी खोटी नाहीं. ती मागें ओढलेली व फुगविलेली आहे. 'टायटॅनिक' बुडाल्यावर १९१२ सालीं सार्नॉफ हे एकटेच बहात्तर तास तारयंत्रापाशीं बसून होते, ही दुसरी आख्यायिकाहि याच जातीची. वॉनामेकर यांच्या दुकानांतील तारकेंद्रावर ते होते, पण एकटे नव्हते. कर्त्या पुरुषाच्या उत्कर्षानंतर त्याच्या पूर्ववयांत भविष्यसूचक प्रसंग घालण्याची खोड सर्व देशांच्या बखरकारांस आहे.

५. तिसरी घटना पिट्सबर्गची. ता. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्रीं वेस्टिंगहाउस कंपनीच्या ईस्ट पिट्सबर्ग येथील कारखान्याच्या गच्चीवरून के-डी-के-ए या केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले. हार्डिंग विजयी झाले. आंकडे एका वर्तमानपत्राच्या कचेरींतून दूरध्वनीनें येत व लिओ रोझेनबर्ग हे ते वाचून दाखवीत. या केंद्राचा परवाना ऑक्टोबर १९२० च्या अखेरचा असून तो सरकारी नोंदींत आहे. अर्थात् ही घटना निर्विवाद आहे. वाद आहे तो 'पहिलें' या विशेषणाचा. डेट्रॉइट येथील 'डेट्रॉइट न्यूज' या पत्राच्या केंद्रानें ता. २० ऑगस्ट १९२० पासून क्षेपण सुरू केलें होतें आणि ता. ३१ ऑगस्टच्या रात्रीं प्राथमिक निवडणुकीचे निकालहि सांगितले होते. त्याचें वृत्त दुसर्‍या दिवशीं त्याच पत्रांत आहे. कॅलिफोर्नियांत सॅन होझे येथें चार्ल्स हेरल्ड हे तर १९०९ पासून प्रयोग करीत होते. तेव्हां व्यापारी परवाना ही कसोटी लावल्यास पिट्सबर्ग पुढें येतें, नित्य क्षेपण ही कसोटी लावल्यास डेट्रॉइट, आणि केवळ प्राचीनत्व पाहिल्यास सॅन होझे. कसोटी न सांगतां मान देणें हें इतिहासाचें काम नव्हे.

येथेंच चौथ्या प्रकारच्या साधनाची गांठ पडते. त्या रात्रीचा ध्वनि म्हणून रोझेनबर्ग यांच्या आवाजांतील जी मुद्रिका ऐकवितात, ती त्या रात्रीची नाहीं. मागाहून पुन्हां बोलवून घेतलेली आहे. १९२० सालीं त्या गच्चीवर ध्वनिमुद्रणाचें यंत्रच नव्हतें. तसेंच ता. २८ ऑगस्ट १९२२ रोजीं न्यू यॉर्कच्या डब्ल्यू-ई-ए-एफ केंद्रानें क्वीन्सबरो कॉर्पोरेशनकडून भाडें घेऊन जॅक्सन हाइट्स येथील घरांविषयींचें भाषण क्षेपित केलें व अमेरिकन नभोवाणीच्या अर्थव्यवस्थेचा पाया घातला गेला. त्या भाषणाचा लेख उरला, आवाज उरला नाहीं. या आरंभींच्या दशकाचा इतिहास मुख्यतः दुसर्‍या वर्गाच्या साधनांवरच लिहिला पाहिजे.

६. पुढील दशकांत यंत्रें आलीं. मग ध्वनि तरी कां राहूं नये? याचें उत्तर एका नियमांत आहे. ता. १५ नोव्हेंबर १९२६ रोजीं नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनीचें व ता. १८ सप्टेंबर १९२७ रोजीं कोलंबिया कंपनीचें केंद्रजाल सुरू झालें. देशभरचीं केंद्रें दूरध्वनीच्या तारांनीं जोडून एकाच स्थळींचा कार्यक्रम सर्वत्र ऐकविणें, हा त्यांचा व्यवसाय. जिवंत कार्यक्रम हें त्यांचें भांडवल असल्यानें त्यांनीं आपल्या जालावर मुद्रित ध्वनि ऐकवूं नये असा दंडक घातला. तबकडीवरून ऐकविलेला कार्यक्रम हलका, असें श्रोत्यांच्या मनावर बिंबविण्यांत त्यांचें हित होतें. कारण तबकड्या टपालानें पाठवितां आल्या तर तारांच्या जालाची गरज काय? या दंडकामुळें मुद्रिका पुनःक्षेपणास निरुपयोगी ठरली, व निरुपयोगी वस्तु जतन करण्यावर कोणी खर्च करीना.

तांत्रिक अडचणहि होती. आरंभीं जाड मेणाच्या तबकडीवर ध्वनि कोरून तिचा सांचा करावा लागे. १९३४ च्या सुमारास लाखेसारखा लेप दिलेल्या अल्युमिनियमच्या तबकड्या निघाल्या, त्यांवर कोरलेलें लगेच ऐकतां येई. सोळा इंच व्यासाच्या अशा तबकडीच्या एका बाजूवर सुमारें पंधरा मिनिटें मावत. १९३४ नंतरच्या मुद्रिका पुष्कळ व त्यापूर्वींच्या विरळ कां, याचा उलगडा येथें होतो. या तबकड्या जाहिरातदारास कार्यक्रम ऐकविण्यासाठीं, कज्जाच्या प्रसंगीं पुरावा म्हणून, किंवा नटास स्वतःचें काम पारखतां यावें म्हणून घेत. इतिहासासाठीं घेतलेली तबकडी दुर्मिळच.

याची मोठी किंमत कशी द्यावी लागली तें 'एमॉस अँड अँडी' या मालिकेवरून दिसतें. फ्रीमन गॉस्डेन व चार्ल्स कॉरेल या दोघांनीं ता. १९ मार्च १९२८ पासून शिकागोच्या डब्ल्यू-एम-ए-क्यू केंद्रावर ती सुरू केली व ता. १९ ऑगस्ट १९२९ पासून ती देशभर ऐकूं येऊं लागली. तिच्या वेळेस चित्रपटगृहांत चित्रपट थांबवून रेडिओ लावीत, इतकी ती लोकप्रिय होती. दोघे गोरे नट काळ्या माणसांच्या बोलीची नक्कल करीत. त्यावर १९३१ सालीं 'पिट्सबर्ग कूरिअर' या काळ्या समाजाच्या पत्रानें निषेधाची मोहीम काढून दहा लक्ष सह्या मिळविण्याचा संकल्प सोडला. अशा वादग्रस्त कृतीचा निवाडा मूळ पाहूनच करावयास हवा. १९४३ पर्यंत पंधरा मिनिटांचे चार हजारांवर प्रयोग झाले. त्यांचा ध्वनि अगदींच थोडा उरला आहे. संहिता मात्र सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांत व काँग्रेसच्या ग्रंथालयांत जपून ठेवल्या आहेत. शब्द आहेत, पण ते कोणत्या स्वरांत उच्चारले गेले हें बहुतांशीं गेलें. आणि नक्कल हा ज्या कलेचा आत्मा, तिच्यांतील अपमान किंवा ममत्व स्वरांतच असतें. लिखित संहिता कितीहि अस्सल असली तरी ती येथें अर्धीच साक्ष देते.

७. आतां ज्यांचा मूळ ध्वनि आहे अशा घटना पाहूं. ता. ६ मे १९३७ रोजीं न्यू जर्सींतील लेकहर्स्ट येथें 'हिन्डेनबुर्ग' हें जर्मन विमाननौकेचें धूड उतरतां उतरतां पेटलें व छत्तीस माणसें मेलीं. हर्बर्ट मॉरिसन हे शिकागोच्या डब्ल्यू-एल-एस केंद्रातर्फे तेथें होते. त्यांच्यासह चार्ल्स नेल्सन हे यंत्रज्ञ तबकडीवर वर्णन मुद्रित करीत होते. हें वर्णन त्याच क्षणीं देशभर ऐकूं गेलें, अशी समजूत अद्यापि प्रचलित आहे. ती चुकीची होय. तबकड्या शिकागोस नेल्यावर दुसर्‍या दिवशीं तें ऐकविलें गेलें, आणि नॅशनल कंपनीनें आपला दंडक बाजूस ठेवून त्यांतील भाग देशभर प्रसृत केला. ज्या प्रसंगीं नियम मोडावा लागला, तोच प्रसंग ध्वनिरूपानें उरला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

या मुद्रिकेंत पाठशुद्धीचा एक प्रश्न आहे. मुद्रण करतांना यंत्राची तबकडी नेमक्या गतीहून मंद फिरत होती. त्यामुळें नेहमींच्या गतीनें लावल्यास आवाज जलद व चढा येतो. मॉरिसन यांचा जो टिपेचा, किनरा स्वर जगास परिचित आहे, तो कांहीं अंशीं यंत्राचा आहे. त्यांचा स्वाभाविक आवाज बराच खालचा होता. लेखकाच्या हस्तदोषानें पाठ बिघडावा, तसाच हा यंत्रदोष. तो ओळखल्यावांचून वक्त्याच्या मनःस्थितीविषयीं अनुमानें काढूं नयेत.

८. मूळ ध्वनि हातीं असला म्हणजे सर्व संशय फिटतात असेंहि नाहीं. ता. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्रीं ऑर्सन वेल्स यांच्या मर्क्युरी नाट्यमंडळीनें कोलंबिया जालावर मंगळवासीयांच्या स्वारीचें नाटक वार्तांच्या रूपांत सादर केलें. त्याची मुद्रिका आहे, आणि आरंभींच हें नाटक असल्याची घोषणा तिच्यांत स्पष्ट ऐकूं येते. परंतु राष्ट्र भयानें वेडें झालें ही जी प्रसिद्धि, ती मुद्रिकेंत नाहीं. ती दुसर्‍या दिवशींच्या वर्तमानपत्रांत आहे. आणि हा साक्षीदार निःपक्षपाती नव्हता. जाहिरातींचा पैसा रेडिओकडे वळूं लागल्यानें वर्तमानपत्रें त्यावर रुष्ट होतीं. १९३३ च्या डिसेंबरांत बिल्टमोर हॉटेलांत झालेल्या करारान्वयें त्यांनीं केंद्रजालांच्या बातम्या दिवसांतून पांच पांच मिनिटांच्या दोन वार्तापत्रांवर आणून ठेवल्या होत्या. तो करार टिकला नाहीं, चुरस मात्र टिकली.

श्रोत्यांची गणना पाहतां हीच गोष्ट दिसते. त्याच रात्रीं हूपर यांच्या गणकांनीं पांच हजार घरीं दूरध्वनीनें विचारणा केली, तेव्हां सुमारें शेंकडा दोनच जणांनीं हा कार्यक्रम ऐकत असल्याचें सांगितलें. समोरच्या जालावर एडगर बर्गेन यांचा फार लोकप्रिय कार्यक्रम चालू होता. साठ लक्ष श्रोत्यांचा जो आंकडा प्रसिद्ध आहे, तो पुष्कळ आठवड्यांनीं, गवगवा झाल्यावर केलेल्या पाहणीवरून आलेला आहे. हॅडली कॅन्ट्रिल यांनीं १९४० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत १३५ जणांच्या सविस्तर मुलाखती आहेत. त्यांतील शंभरांहून अधिक जण ते घाबरले होते हें ठाऊक असल्यामुळेंच निवडलेले होते. कांहीं लोक खरोखर घाबरले, यांत शंका नाहीं. राष्ट्रव्यापी पळापळ मात्र सिद्ध होत नाहीं.

९. अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचीं भाषणें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सर्वांत बोधप्रद वाटतील. ता. १२ मार्च १९३३, रविवार, रात्रीं दहा वाजतां त्यांनीं बंद पडलेल्या पेढ्यांविषयीं राष्ट्रास साध्या भाषेंत समजावून सांगितलें. दुसर्‍या दिवसापासून पेढ्या उघडूं लागल्या व लोक पैसे काढण्याऐवजीं भरूं लागले. या भाषणांस 'फायरसाइड चॅट्स', म्हणजे शेकोटीजवळच्या गप्पा, असें नांव पडलें; पण तें पहिल्या भाषणाच्या वेळीं नव्हतें. कोलंबिया कंपनीच्या हॅरी बुचर यांनीं ता. ७ मेच्या दुसर्‍या भाषणापूर्वीं तें योजिलें. अशीं भाषणें एकंदर किती? कोणी सत्तावीस धरतो, कोणी तीस, कोणी एकतीस. त्या वेळीं व्याख्याच ठरलेली नसल्यामुळें संख्या संपादकाच्या मतावर अवलंबून राहते.

ता. ८ डिसेंबर १९४१ चें युद्धघोषणेच्या मागणीचें भाषण सर्व जालांवरून ऐकविलें गेलें. त्याचा ध्वनि आहे, व रूझवेल्ट यांनीं स्वहस्तें शब्द बदललेला मसुदा हाइड पार्क येथील त्यांच्या ग्रंथालयांत आहे. परंतु सभागृहांत जी प्रत समोर ठेवून त्यांनीं भाषण केलें, ती त्या दिवसापासून सांपडत नव्हती. ती १९८४ सालीं सांपडली, आणि तीहि राष्ट्रीय दप्तरखान्यांतच, सेनेटच्या कागदांत. अध्यक्ष ती प्रत तेथेंच विसरून गेले. सेनेटच्या कारकुनानें नेहमींच्या शिरस्त्याप्रमाणें तिच्यावर तारीख व शेरा लिहून ती दप्तरांत बांधली. त्रेचाळीस वर्षें प्रत हरवली नव्हती. ती योग्य जागीं होती, शोधणारे अन्य जागीं शोधत होते. मसुदा, वाचनाची प्रत व ध्वनि हीं तिन्ही साधनें जुळवून पाहण्याची अशी संधि इतिहासांत क्वचित् मिळते.

त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट मात्र निराळी आहे. ता. ७ डिसेंबरच्या दुपारीं पर्ल हार्बरवरील हल्ल्याची वार्ता कोलंबिया जालावर जॉन डेली यांनीं सांगितली. एडवर्ड मरो व फ्रेड फ्रेन्डली यांनीं १९४८ सालीं 'आय कॅन हिअर इट नाउ' नांवाचा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह काढला. १९३३ ते १९४५ या काळाचे आवाज त्यांत होते व तो अतिशय खपला. त्यांत डेली यांची घोषणा आहे. परंतु ती मूळची नव्हे, संग्रहासाठीं पुन्हां बोलवून घेतलेली आहे. पुढें ती त्या दिवसाचा प्रत्यक्ष ध्वनि म्हणून वारंवार वापरली गेली. येथें आवाज त्याच माणसाचा असल्यानें अक्षरवळणावरून पारख करणाराहि फसेल. मुद्रिका कोणाकडून कोणाकडे आली ही परंपरा पाहिल्याशिवाय दोष उघड होत नाहीं.

१०. अस्सल ध्वनि कोठें उरला? जेथें इतिहासाचा विचारहि कोणाच्या मनांत नव्हता अशा ठिकाणीं. सिॲटलचें किरो केंद्र पश्चिम किनार्‍यावर असल्यामुळें पूर्वेकडून येणार्‍या कोलंबियाच्या वार्ता तेथें अवेळीं येत. म्हणून त्या तबकड्यांवर घेऊन सोईच्या वेळीं ऐकवीत. काम झाल्यावर तबकड्या तशाच पडून राहिल्या. त्या वॉशिंग्टन विद्यापीठाकडे आल्या. मायलो रायन यांनीं त्यांची वर्णनात्मक सूचि करून १९६३ सालीं 'हिस्टरी इन साउंड' या नांवानें छापली. युद्धकालीन वार्तांचा जो मोठा संचय आज उपलब्ध आहे, तो या सोईच्या मुद्रणाचें फळ होय.

दुसरा संचय एका दिवसाचा आहे. वॉशिंग्टन शहरांतील डब्ल्यू-जे-एस-व्ही केंद्राचें ता. २१ सप्टेंबर १९३९ रोजींचें सर्व क्षेपण, सकाळीं केंद्र उघडल्यापासून मध्यरात्रीनंतर बंद होईपर्यंत, मुद्रित करून राष्ट्रीय दप्तरखान्यास देण्यांत आलें. त्या दिवशीं रूझवेल्ट यांनीं काँग्रेसपुढें तटस्थतेच्या कायद्याविषयीं भाषण केलें. परंतु त्या संचयाचें खरें मोल भाषणांत नाहीं. गृहिणींसाठीं असलेल्या दुपारच्या मालिका, साबणाच्या जाहिराती, आर्थर गॉडफ्रे यांची सकाळची बडबड व चेंडूफळीचा सामना, असें जें कोणी कधीं राखून ठेवलें नसतें तें सर्व त्यांत आहे. राजपत्रांपेक्षां बाजाराच्या याद्या व घरखर्चाच्या वह्या कधीं कधीं अधिक सांगतात, हा अनुभव येथेंहि येतो.

तिसरें उदाहरण ता. ६ जून १९४४ चें. नॉर्मंडीच्या किनार्‍यासमोर 'ॲन्कन' या जहाजावरून जॉर्ज हिक्स यांनीं विमानहल्ल्याचें वर्णन केलें, तें फिल्मच्या फितीवर खांच पाडणार्‍या यंत्रानें मुद्रित झालें व सर्व जालांनीं तें ऐकविलें. त्याच्या मूळ फिती पुष्कळ वर्षें लाँग आयलंडवरील एका घराच्या तळघरांत पडून होत्या. त्या २०१९ सालीं व्हर्जिनियांतील बेडफर्ड येथील डी-डे स्मारकाकडे आल्या. पंचाहत्तर वर्षांनींहि मूळ सांपडूं शकतें, हा धडा संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावा.

११. दंडक शेवटीं मोडला तो एका गायकानें. बिंग क्रॉस्बी यांस आठवड्यास ठराविक घटकेला हजर राहण्याचा जाच नकोसा झाला. १९४६ सालीं ते अमेरिकन ब्रॉडकास्टिंग कंपनीकडे गेले, कारण तिनें मुद्रित कार्यक्रमास संमति दिली. आरंभीं तबकड्या वापरीत. एकावरून दुसरीवर नक्कल करतांना आवाज बिघडे. जॅक मलिन या सैनिकी यंत्रज्ञानें युद्धानंतर जर्मनींतून चुंबकीय फितीचीं दोन यंत्रें व पन्नास रिळें आणलीं होतीं. ता. १ ऑक्टोबर १९४७ पासून क्रॉस्बी यांचा कार्यक्रम त्या फितीवरून ऐकविला जाऊं लागला. १९४८ सालीं ॲम्पेक्स कंपनीनें अमेरिकन बनावटीचें यंत्र काढलें, व मोठ्या जालांनींहि लौकरच आपला दंडक सैल केला.

संशोधकाच्या दृष्टीनें ही तारीख सर्वांत महत्त्वाची आहे. तबकडीवर कोरलेलें सहसा बदलतां येत नसे. फीत मात्र कातरून जोडतां येते. नको असलेलें वाक्य काढणें, दोन प्रयोगांतील उत्तम अंश एकत्र करणें, दुसर्‍या दिवशींचा हशा येथें चिकटविणें, हें सर्व मलिन यांच्या हातीं होऊं लागलें. म्हणजे १९४७ पूर्वींच्या मुद्रिकेविषयीं 'ही त्या क्षणाची आहे काय' एवढाच प्रश्न पुरतो. त्यानंतरच्या मुद्रिकेविषयीं 'हा क्षण एकच आहे काय' असाहि प्रश्न विचारावा लागतो. प्रक्षेपाचें युग येथून सुरू होतें.

१२. या सर्व संचयाची आजची स्थिति काळजीची आहे. लेपाच्या तबकड्यांवरील लेप आकसून तडकतो व सोलून निघतो. त्यांवर तेलकट पांढरी भुकटी धरते. युद्धांत अल्युमिनियम विमानांकडे गेल्यामुळें कांचेवर लेप दिलेल्या तबकड्या वापरल्या गेल्या. त्या एका धक्क्यानें फुटतात. म्हणजे ज्या वर्षांचा ध्वनि सर्वांत मोलाचा, त्यांचाच आधार सर्वांत ठिसूळ. नॅशनल कंपनीनें १९७८ सालीं सुमारें दीड लक्ष तबकड्या काँग्रेसच्या ग्रंथालयास दिल्या; २००० सालीं ध्वनिसंरक्षणाचा कायदा झाला, व २०१४ सालीं रेडिओच्या संरक्षणासाठीं विद्वानांचें एक मंडळ नेमण्यांत आलें. प्रसिद्ध मुद्रिकांची राष्ट्रीय सूचि होते, त्यांचें रक्षणहि होईल. भय आहे तें अप्रसिद्धांचें. आणि वर दाखविल्याप्रमाणें इतिहासास तारले तें अप्रसिद्धांनींच.

तेव्हां ज्यांच्या संग्रहीं अशा जुन्या तबकड्या असतील त्यांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, तबकडी कोणाकडून, केव्हां व कोणत्या वेष्टनांत आली हें तिच्याजवळच लिहून ठेवावें. डेली यांच्या घोषणेची पारख अशाच नोंदीनें होते. दुसरी, तबकडीवरील चिठ्ठीस पुरावा न समजतां दावा समजावें. तिसरी, नवी प्रत केल्यावर मूळ तबकडी टाकूं नये. 'हिन्डेनबुर्ग'च्या स्फोटाच्या हादर्‍यानें नेल्सन यांच्या यंत्राची सुई तबकडींत खोल रुतली, व तेथें पडलेली खांच राष्ट्रीय दप्तरखान्यांतील मूळ तबकडीवर आहे. कानास ती नुसता खटका म्हणून ऐकूं येते. प्रत करणारानें दोष समजून तो पुसला असता, तर त्या स्फोटाची स्वतःच्या हातची साक्ष नाहींशी झाली असती.